पाहुण्यांसाठी ठेवलेला ब्रश

माझी पत्नी सुमती दातांची डॉक्टर होती. दर हिवाळ्यात पंधरा दिवस ती परभणी जिल्ह्यात जायची, तिथल्या शाळांमधल्या मुलांचे दात आणि हिरड्या तपासायला. मी तिला साताऱ्याच्या स्टँडवर सोडायचो आणि पंधरा दिवसांनी आणायला जायचो. येताना तिच्या पिशवीत करडीचं तेल, ज्वारीचं पीठ आणि पुष्कळ गोष्टी असायच्या. त्या गोष्टी मी जेवताना ऐकायचो, तेही अर्ध्या कानाने. मी ग्रंथपाल होतो आणि आमच्या घरात जेवताना पुस्तक उघडायला बंदी नव्हती.

सुमती गेल्या ज्येष्ठात गेली. मार्गशीर्षात डॉ. अफरीनचा फोन आला. ही सुमतीची विद्यार्थिनी, मूळची परभणीची, आता तिथेच दवाखाना चालवते. शिबिर यंदाही करणार आहे, असं तिने सांगितलं. दात ती बघेल, पण प्रत्येक मुलाचं कार्ड लिहायला कुणीतरी हवं. मॅडम बघता बघता स्वतःच लिहायच्या, ते तिला जमत नाही. मग म्हणाली, "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे असं मॅडम म्हणायच्या."

एवढ्यावर मी निघालो. परत येऊन महिना झाला. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सावकाश हे लिहितो आहे.

मानवत

आमच्याकडे कुठेही उभं राहिलं तरी नजर कुठल्यातरी डोंगरावर जाऊन टेकते. परभणीहून मानवतकडे जाताना ती टेकतच नाही. काळी सपाट जमीन, तिच्यावर कमरेपेक्षा उंच ज्वारी, मधे वेचणीला आलेला कापूस, आणि वर आभाळ फार मोठं. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकला होता. मानवतच्या बाजारात तर तो विजेच्या तारांवर होता, दुकानांच्या पाट्यांवर होता, आणि माझ्या चहाच्या कपातही एक पुंजका येऊन बसला. चहावाल्याने तो बोटाने काढला आणि कप पुन्हा माझ्या हातात दिला. मीही प्यायलो.

पहिल्या शाळेत माझी त्रेधा उडाली. मूल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतं, मान मागे टाकतं, अफरीन टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वाकते आणि भराभर बोलू लागते. वरची उजवी दाढ, कीड. पटाशीचे ठीक. खालच्या हिरड्या सुजलेल्या. मी पहिल्या मुलाचं लिहीपर्यंत तिसरं मूल खुर्चीवर असायचं, आणि एका धडधाकट मुलीच्या कार्डावर मी दुसऱ्याच कुणाच्या तीन किडक्या दाढा चढवल्या. तिनेच ते वाचून माझ्या लक्षात आणून दिलं. इथे हातात पेन असलेल्या कुणालाही 'सर' म्हणतात. "सर, ह्या दाढा मह्या न्हाईत," ती म्हणाली, आणि मी त्या खोडल्या.

अफरीनकडे गुलाबी रंगाच्या गोळ्या होत्या. गोळी चावून तोंडात फिरवली की दातांवर जिथे घाण साचली असेल तिथे रंग चिकटतो आणि स्वच्छ जागा पांढरी राहते. मुलांना हा खेळ इतका आवडला की स्वच्छ दातांची दोन पोरं रंग चढत नाही म्हणून हिरमुसली. सगळ्यात जास्त रंग हिरडीच्या कडेला चढतो. ब्रश तिथपर्यंत पोचतच नाही, हे न सांगता मुलांना दिसलं.

घोटाळा दुपारच्या सुट्टीत झाला. चूळ न भरताच काही मुलं घरी जेवायला पळाली, आणि थोड्याच वेळात एक आई मुलाचा दंड धरून शाळेत आली. लेकराचं तोंड कशानं फोडलं, असं तिने शांतपणे आणि फार भयंकर आवाजात विचारलं. मागून आणखी दोघी आल्या. अफरीनने काही समजावलं नाही. तिघींना एकेक गोळी दिली आणि पुढे आरसा धरला. पहिलीने आरशात पाहिलं, मग दुसरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिघी पदरात तोंड खुपसून हसत सुटल्या. दुपारनंतर मुलांच्या रांगेशेजारी आयांची एक रांग लागली.

वालूर

वालूरच्या शाळेच्या फाटकातच आमच्या जीपचा क्लच गेला. मुख्याध्यापक सरांनी दुरुस्तीला माणूस बोलावला, पण सुटा भाग सेलूहून दुसऱ्या दिवशी येणार होता. त्यामुळे मुक्काम करावा लागणार हे सकाळीच ठरलं. अफरीनची सोय एका शिक्षिकेकडे झाली. मला न्यायला शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या शोभाताई पुढे आल्या. आमच्या घरी ओसरी मोठी आहे, म्हणाल्या.

शोभाताई पस्तिशीच्या असतील. बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायच्या. समोरचे तीन दात नव्हते. त्यांची मुलगी कावेरी सहावीत, त्याच शाळेत. रांगेत ती सगळ्यात शेवटी उभी होती आणि मागे कुणी आलं की त्याला पुढे जाऊ देत होती. शेवटी मागे कुणी उरलं नाही.

तिने तोंड उघडलं आणि अफरीन बोलायची थांबली. मीही मान वर केली. हिरड्या तांबड्या, फुगलेल्या, दातांवर चढलेल्या. आरशाची कड लागली तेवढ्याने रक्त आलं. खालच्या पुढच्या चार दातांपाशी हिरडी उलट खाली सरकली होती आणि तिथे काळा थर होता. अफरीनने मिश्री लावतेस का, असं विचारलं. कावेरीने तोंड मिटलं. आमच्या शाळेत कुणी लावत नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले, तशा तपासून झालेल्या मुली एकमेकींना कोपर मारून हसल्या.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. बायका ती बोटाने दातांना लावतात. आमच्या सातारकडेही आहे, त्यामुळे मला नवल वाटायचं कारण नव्हतं. पण अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडाला तो वास मी प्रथमच घेत होतो.

कावेरीचं गेल्या वर्षीचं कार्ड गठ्ठ्यात होतं. ते मी काढलं. सुमतीने लिहिलं होतं: "हिरड्यांतून रक्त. आई कापूस वेचायला गेली आहे. आईशी बोलणे." पुढे काही नव्हतं. ते बोलणं राहून गेलं होतं.

मी अफरीनला विचारलं, हे किती गंभीर आहे. मुलीपासून दूर, खिडकीपाशी येऊन तिने सांगितलं. "सूज उतरेल काका. दात अजून घट्ट आहेत. पण खालचं हाड एकदा झिजलं की परत येत नाही. मिश्री चालू राहिली आणि ब्रश नाही लागला, तर कॉलेजात जाईपर्यंत ते चार दात हलायला लागतील. मग तिच्या आईसारखं."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर शोभाताईंचे यजमान नामदेवराव मला शेतात घेऊन गेले. आधी वाटेवरची गोल पायऱ्यांची जुनी बारव दाखवली. गावाने मिळून गाळ काढून ती मोकळी केली आहे. पायऱ्या शंखासारख्या फिरत खाली जातात. शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर ज्वारीची कोवळी कणसं भाजून ठेवली होती. कावेरी गरम कणसं तळहातावर चोळून हुरडा पाडत होती आणि फुंकर मारून माझ्यापुढे ठेवत होती. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. इतका गोड हुरडा मी कधी खाल्ला नव्हता. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की तिने स्वतः एकही दाणा तोंडात टाकलेला नाही. जेवतानाही ती भाकरी वरणात पार विरघळेपर्यंत कुस्करत होती. नामदेवराव मला कौतुकाने म्हणाले, "हिला लहानपनापसून मऊच लागतं बगा."

सकाळी तोंड धुवायला निघालो तेव्हा कळलं, माझा ब्रश मानवतच्या लॉजवर राहिला. मी अंगणातल्या कडुलिंबाची काडी तोडायला गेलो तर शोभाताईंनी अडवलं. पाहुण्याने काडी का चावावी, म्हणाल्या, आणि आतल्या फळीवरून, चिनीमातीच्या कपबश्यांच्या मागून, एक नवाकोरा ब्रश आणून माझ्या हातात ठेवला. वेष्टन फोडलेलं नव्हतं. त्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती. पट्टीवर लिहिलं होतं: "कावेरी, पाचवी."

अक्षर सुमतीचं होतं. 'व'ला ती बारीक शेपूट काढायची. एकच ब्रश घरात पाच तोंडांत फिरतो, म्हणून प्रत्येक मुलाचं नाव ती स्वतः लिहून चिकटवायची, हे तिने मला जेवताना सांगितलं होतं. मी तो ब्रश धरून बराच वेळ उभा राहिलो असेन, कारण शोभाताईंनी रंग आवडला नाही का, असं विचारलं.

मी म्हणालो, हा कावेरीचा आहे.

"ती कुटं वापरती सर. नवा हाय म्हून पाव्हन्यासाठी ठिवला. एवढ्या चांगल्या ब्रशाचं लेकराच्या हातात काय ऱ्हातंय."

त्यात लपवाछपवी नव्हती. आमच्याकडे नवी वस्तू आधी मुलांना मिळते. इथे घरातलं सगळ्यात चांगलं जे असेल ते न वापरता राखलं जातं आणि पाहुणा आला की बाहेर येतं. त्या कपबश्याही कालच माझ्यासाठी उतरल्या होत्या. सुमतीने गावागावांत वाटलेले ब्रश किती फळ्यांवर पाहुण्यांची वाट बघत असतील, कोण जाणे.

मी पट्टीवर बोट ठेवून सांगितलं की हे माझ्या पत्नीने लिहिलं आहे. कावेरी चुलीपाशी होती, ती उठून आली. "त्या गोऱ्या मॅडम? ह्या साली आल्या न्हाईत?"

"त्या वारल्या," मी म्हणालो. हे वाक्य मी तोपर्यंत फार कमी वेळा उच्चारलं होतं.

शोभाताईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग त्यांनी मला बसायला पाट दिला आणि स्वतः उंबऱ्यावर टेकल्या. थोड्या वेळाने आपणहून सांगू लागल्या. कावेरी ब्रश करायची, आधीचा जुना होता त्याने. पण रक्त यायचं. लेकराच्या तोंडातून रोज रक्त कोण बघेल? म्हणून त्यांनीच ब्रश बंद केला आणि आपल्या डबीतली मिश्री तिला लावून दिली. मिश्री लावली की रक्त येत नाही, असा त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

एवढ्यात अफरीन जीपची चौकशी करत तिथे पोचली. ऐकून ती रागावली नाही. "शोभाताई, थोडं तुमचं तोंड बघू देता?" म्हणाली. शोभाताईंनी आधी आढेवेढे घेतले, मग उन्हाकडे तोंड केलं. अफरीनने एकेक दात बोटाने हलवून पाहिला. उरलेल्यातले चार हलत होते.

"मला तर कवाच रगत आलं न्हाई मॅडम," शोभाताई म्हणाल्या.

"आलं असतं तर तुम्ही पंधरा वर्षांपूर्वी कुणाला तरी दाखवलं असतं," अफरीन म्हणाली. "मिश्रीनं रक्त दिसायचं बंद होतं. आतलं दुखणं चालूच राहतं. कावेरीचं अजून दिसतंय, हे तिचं नशीब."

शोभाताईंनी कमरेची डबी हाताने चाचपली. अंगणात कोंबडी फिरत होती, तिच्याकडे बघत राहिल्या. अफरीनने सांगायचं ते सांगितलं होतं. मला अशा वेळी बोलता येत नाही. तरी मी बोललो. म्हणालो, हा पाहुण्यासाठी ठेवलाय ना? मग पाहुण्याची इच्छा आहे की कावेरीने तो आत्ता, माझ्यासमोर वापरावा.

पाहुण्याचा शब्द मोडवेना. शोभाताईंनी दातांनी वेष्टन फाडायला घेतलं, मग हसून ते कावेरीकडे दिलं.

ती दगडावर बसून घासू लागली. अफरीनने तिच्या हातावर हात ठेवून ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायला शिकवला. फेस गुलाबी झाला, मग लाल. कावेरीने थुंकलं आणि आईकडे पाहिलं. शोभाताईंचा हात तिच्या मनगटापर्यंत गेला. हट्ट मी धरला होता. सुमती माझ्या स्वतःच्या हिरड्यांबद्दल जे सांगायची ते मी तसंच्या तसं बोललो: रक्त आलं तर थांबायचं नाही, हात हलका करायचा. इतक्या वर्षांत अर्ध्या कानाने ऐकलेलं सगळं आत राहिलेलं होतं.

शोभाताईंनी हात मागे घेतला. "आजपसून तिला मिसरी देनार न्हाई," त्या अफरीनला म्हणाल्या. "महं सुटंल का न्हाई, ते आत्ता इचारू नका."

जीप दुरुस्त होईपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात अफरीनने कावेरीच्या दातांवरचा थर हाताच्या अवजाराने खरवडून काढला. मी टॉर्च धरला होता. कावेरी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसली, रडली नाही.

चारठाणा

चारठाण्याची काळ्या दगडाची देवळं बघायला गर्दी नाही, हे त्यांचं भाग्य म्हणावं की दुर्दैव, मला ठरवता आलं नाही. शाळा दुपारी आटोपली आणि मी एकटाच एका देवळाच्या खांबांमधून फिरत होतो. कोरीव काम इतकं बारीक की दगडी माळेतला मणी न् मणी वेगळा मोजता यावा. ओट्यावर दोन म्हातारे बसले होते. त्यांनी मला कुठला, काय, कामून आलात हे विचारलं. मी दातांचं सांगितल्यावर एकाने तोंडाचं बोळकं पूर्ण उघडून दाखवलं आणि आता लय बरं हाय, दुखायला काही उरलंच न्हाई, असं म्हणाला. दुसरा इतका हसला की त्याला ठसका लागला. पुष्कळ महिन्यांनी मीही आवाज करून हसलो.

शाळेत अफरीनकडे परतलो, तोच वालूरच्या मुख्याध्यापकांच्या फोनवरून शोभाताईंचा फोन आला. कावेरीचं डोकं दुखतंय. चिडचिड करतेय, धाकट्या भावाला चापट मारली. रक्त कमी व्हायच्या ऐवजी काल जास्तच आलं. चिमूटभर मिश्री लावू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी फोन अफरीनकडे दिला. डोकं मिश्री सुटल्यामुळे दुखतंय, तीन-चार दिवसांत थांबेल, असं तिने सांगितलं. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा, ब्रश सोडू नका. मग शोभाताईंनी पुन्हा मला मागितलं.

"सर, तुमी सांगितलं म्हून आमी करायलाव," त्या म्हणाल्या. "थांबंल ना?"

मी डॉक्टर नाही. थांबेल, असं मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर अफरीनला विचारलं की खरंच थांबेल ना. ती म्हणाली, घासत राहिली तर थांबेल. न घासता नाही.

पुढची चार-पाच गावं मी कार्डं लिहीत फिरलो. लोकांनी अंबाडीची भाजी, धपाटे आणि घट्ट दही खाऊ घातलं. प्रत्येक घरी नव्या कपात चहा आला. आता मी फळीकडे बघून विचारायला शिकलो होतो की ब्रश कुठे ठेवलाय, आणि तीन घरांत तो कपाटातून, एका घरात तर देवाच्या फोटोमागून निघाला. तो तिथल्या तिथे फोडायला लावायचा, हा माझा पाहुणेपणा झाला. अफरीन म्हणाली, मॅडमना हे कधी कळलं नव्हतं, कारण त्या कुणाकडे मुक्कामाला राहायच्याच नाहीत, रोज परभणीला परत जायच्या. झोपताना हे मी वहीत लिहून ठेवलं. सुमतीला सांगण्यासारखं काहीतरी माझ्याकडे प्रथमच होतं, असं वाटलं, आणि त्याचं दुःख व्हायला हवं होतं तितकं झालं नाही.

पुन्हा वालूर

परतीच्या वाटेवर, बरोबर नवव्या दिवशी, आम्ही वालूरला वळलो. दुपारची सुट्टी संपत आली होती. शोभाताई मोठं पातेलं घासत होत्या. त्यांनी 'या' म्हटलं, पण आमच्याकडे नीट पाहिलं नाही. डोकेदुखी गेली का, असं मी विचारलं. गेली, म्हणाल्या. आणि रक्त? त्यांनी कावेरीला हाक मारली. "तिलाच इचारा. मी चार दिस झाले, बघायचंच सोडलंय. बघितलं की महा जीव ऱ्हात न्हाई."

कावेरी ब्रश घेऊनच आली. पाठीमागे वर्गातल्या चार-पाच मुली, त्यांना हा तमाशा बघायचा होता. अफरीनने टॉर्चचा उजेड पाडून आत पाहिलं, हिरडीच्या कडेने अवजाराचं बोथट टोक फिरवलं. सूज अजून थोडी आहे, म्हणाली. खालचे चारही घट्ट. मग तिने ब्रश करून दाखवायला सांगितलं.

कावेरी नळापाशी उभी राहून घासू लागली. मागच्या मुलींपैकी एक म्हणाली, हिनं आमालाबी शिकवायला सुरू केलंय, मास्तरीनबाई झालीय. कावेरीला तोंड भरलेलं असताना हसू आलं. वळून थुंकायला गेली, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि सगळी चूळ माझ्या उजव्या चपलेवर पडली.

कावेरी ब्रश तोंडातच धरून थिजली.

"सरच्या पायावर थुकतीस व्हय गं," शोभाताई पातेलं टाकून धावत आल्या, आणि पदराने चप्पल पुसायला खाली वाकल्या. मी त्यांना थांबवलं. मीही वाकलो होतो. आम्ही दोघं तशीच, डोकी जवळ आणून, माझ्या चपलेकडे बघत राहिलो.

चामड्यावर नुसता पांढरा फेस होता. शोभाताईंनी बोटाचं टोक त्यात बुडवून उन्हाकडे धरलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि पुसायला आणलेला पदर हातात तसाच राहिला.